गल्ल्यावर बसण्याआधी

पोरी, नोकरी सोडून हॉटेलात बसायचं ठरवलंस म्हणे. तुझ्या बापाचा फोन आला होता. खुशीत होता आणि धास्तावलेलाही. तुझ्या आजोबांना मी शेठ म्हणायचो, तुझ्या बापाला नावाने हाक मारतो आणि तू मला काका म्हणतेस. इतकी वर्षं तुमच्या चोपड्या माझ्या हातून गेल्या, तेव्हा चार गोष्टी सुनवायचा मला हक्क आहे असं धरून चालतो. शेवटी गल्ला तुझा, डोकं तुझं.

आल्या आल्या तू भट्टीवाल्याकडून मावा केकची मापं वहीत उतरवून घ्यायला लागलीस, असं कळलं. घे, हरकत नाही. पण त्यातच जीव अडकवू नकोस. चव बिघडली म्हणून इराणी हॉटेल बंद झालेलं मी तरी पाहिलं नाही, आणि गिऱ्हाईक आटलं म्हणून बंद झालेली फार थोडी. माझ्या डोळ्यांदेखत ज्यांच्या फळ्या कायमच्या लागल्या, त्यांतल्या बहुतेकांत शेवटच्या दिवशीही बसायला जागा नव्हती. वारस वाढलेले, कागद आजोबांच्या नावाचे, भावाभावांत बोलणं बंद. मग एक दिवस बिल्डर येतो आणि जे इतकी वर्षं कोणाला जमलं नाही ते त्याला जमतं: सगळ्यांचं एकमत होतं.

१९५०च्या दशकात मुंबईत साडेतीनशेच्या आसपास इराणी हॉटेलं होती असं सांगतात. आज किती उरली ते तूच तुझ्या ओळखीतली मोज. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४ सालचं. २०१४ मध्ये ते बंद होणार अशी बातमी पसरली तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या. पुढे ते पुन्हा उघडलं. आणि तिकडे लंडनमध्ये २०१० साली डिशूम नावाचं हॉटेल निघालं, आपल्या इराणी हॉटेलांच्या थाटाचं. एकाची बरीच झाली. म्हणजे मालाला उठाव आहे. खोट मालात नाही, मालकीच्या कागदात आहे. मी जे सांगणार ते सगळं त्या कागदाभोवतीच फिरणार आहे, तेव्हा जांभई आली तर चहा मागव.

तुझे पणजोबा यझ्दजवळच्या एका खेड्यातून आले. तुमच्याकडे आणि पारशांकडे अग्यारी एकच, धर्म एकच, पण पारशी गुजरातच्या किनाऱ्याला लागले त्याला हजाराहून जास्त वर्षं झाली. तुम्ही इराणी अगदी अलीकडचे, एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्याच्या पूर्वार्धातले. यझ्द आणि केरमानकडे जरथोस्ती लोकांवर जिझिया होता. इथल्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हतारियांना तिकडे पाठवलं, त्यांनी जवळजवळ तीस वर्षं खटपट केली तेव्हा १८८२ मध्ये तो कर उठला. कर उठला तरी पोट भरेना, म्हणून माणसं येत राहिली. नुसते जरथोस्तीच नव्हे. यझ्दकडचे मुसलमान इराणीही आले आणि त्यांनीही हॉटेलं काढली. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ सालचं, ते अशाच एका घरचं.

तुझे पणजोबा आधी एका पारशी बेकरीत पिठाच्या गोणी उचलायचे. पैसे साठले तसे गाववाले तिघे एकत्र आले आणि लालबागच्या कोपऱ्यावरची जागा घेतली. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानायचे म्हणून इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, ही गोष्ट तू शंभरदा ऐकली असशील. असेलही. मला हिशेबनिसाला त्यात दुसरंच दिसतं. कोपऱ्याला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक, दोन बाजूंचा उजेड, दोन दारं आणि दोन्ही दारांवर नजर ठेवता येईल असा एकच गल्ला. आजही कोणी तुला आतली, ऐसपैस, भाड्याला निम्मी जागा दाखवली तरी कोपरा सोडू नकोस.

त्या तिघांनी भाग आण्यांत घातले होते. सोळा आण्यांत सहा तुझ्या पणजोबांचे, पाच-पाच बाकी दोघांचे. दुकान एकच आणि मालक तिघे, म्हणून चार-चार महिन्यांची पाळी. ज्याची पाळी तो गल्ल्यावर, बाकीचे दोघे घरी. उरलेले आठ महिने ते दुसरं काही करत. पाळी बदलायच्या दिवशी फळ्या अर्ध्या लावून मोजदाद चालायची. हे शेवटचं शेवटचं मी स्वतः पाहिलं आहे. साखरेच्या गोणी, चहाच्या पेट्या, मस्क्याचे डबे, अंड्यांचे ट्रे, पुढच्या कपाटातले साबण आणि काडेपेट्या, सगळं एक जण मोजायचा, दुसरा लिहायचा, तिसरा नुसता बघायचा. कपबश्यांची मोजणी सगळ्यात शेवटी. फुटलेल्या बश्यांचे तुकडेसुद्धा एका डब्यात जपून ठेवलेले असायचे, कारण फुटली म्हणून सांगितलेली बशी खरंच फुटली होती हे दाखवायला लागे. एवढ्या संशयाने वागणारी माणसं मोजणी संपली की एकाच टेबलावर बसून खिमा खायची. हिसाब कौडीचा, बक्षीस लाखाचं, हे तुझ्या आजोबांच्या तोंडी सदा असायचं. मैत्री टिकली ती त्या डब्यातल्या तुकड्यांमुळे, असं माझं मत आहे.

यातून तू घ्यायचं ते एवढंच: घरचा माणूस आहे म्हणून मोजणी टाळू नकोस. चुलत भाऊ सुट्टीत चार दिवस गल्ला सांभाळणार असेल तरी किल्ली देताना रोकड मोजून दे, घेताना मोजून घे, दोघांच्या सह्या. तो रागावला तर रागावू दे. आज रागावेल, पण दहा वर्षांनी कोर्टात उभा राहणार नाही.

आता करारनामा काढ. कपाटाच्या वरच्या खणात, कापडात बांधलेला. तो १९५०च्या दशकातला आहे आणि त्यात सह्या केलेल्यांपैकी एकही माणूस आज हयात नाही. भागीदारी कायदा १९३२ सालचा. त्याचं ४२वं कलम म्हणतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर एक भागीदार वारला की फर्म मोडली. दोघांचीच फर्म असेल आणि एक गेला, तर करारात काहीही लिहिलेलं असो, एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेने तुमची जुनी फर्म कधीच संपली आणि तुम्ही वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांच्या नावाने चहा विकता आहात. कोणी बोट दाखवलं नाही तोवर चाललं. बोट दाखवणारा माणूस जागेची किंमत वाढली की येतो.

तेव्हा नवा करारनामा कर. हयात माणसांचा, सोप्या भाषेत, आणि फर्म रजिस्टर कर. रजिस्टर नसलेल्या फर्मला येणं वसूल करायला कोर्टात दावा लावता येत नाही. पाव घाऊक विकणाऱ्याला ही गोष्ट परवडणारी नाही. करारात तीन कलमं तरी हवीतच. भागीदार वारला तर फर्म चालू राहील. त्याच्या वारसाला आत घ्यायचं की पैसे देऊन मोकळं करायचं, हे कोण ठरवणार. आणि पैसे द्यायचे तर किंमत कशी काढायची, किती हप्त्यांत द्यायची. शेवटचं कलम वकील गुळमुळीत लिहितात, ‘परस्परसंमतीने’ म्हणून. ते चालू देऊ नकोस. परस्परसंमती असती तर कलमाची गरजच काय होती?

आता घरातल्या घरात बोलू. तुझ्या बापाला वाटतं की सहा आण्यांतला मोठा वाटा त्याचा आणि त्याच्या बहिणीचा, तुझ्या फुईचा, नाममात्र. तसं जुन्या कायद्यात होतं: मृत्युपत्र न करता पारशी किंवा इराणी बाप गेला तर मुलाला मुलीच्या दुप्पट. १९९१ मध्ये ते बदललं. आता विधवा, मुलगा, मुलगी, सगळ्यांना सारखा भाग. तुझे आजोबा त्यानंतर गेले आणि कागद करून गेले नाहीत. तेव्हा फुईचा भाग तुझ्या बापाइतकाच आहे, तो तिने मागितला नाही म्हणून कमी होत नाही. ती मेलबर्नला सुखात आहे, तिला काय पडलंय, असं तो म्हणतो. तिला पडलेलं नसेल. तिच्या मुलांना पडेल, आणि त्यांनी तुमच्या हॉटेलात एक ब्रुन पावसुद्धा खाल्लेला नाही, त्यामुळे त्यांना दया-माया असायचं कारण नाही. फुई हयात आहे, तिचा तुझ्यावर जीव आहे, तोवर फोन कर आणि जे ठरेल ते कागदावर आण. हे काम तू कर. भावाने केलं की त्यात चाळीस वर्षांची भांडणं मिसळतात.

तुझ्या बापालाही मृत्युपत्र करायला लाव. दोन साक्षीदारांसमोर सही, बस. त्याला शंभर वर्षं आयुष्य लाभो. कागद केला म्हणून कोणी लवकर जात नाही. हे वाक्य त्याला माझ्या नावाने सांग, तुझ्या तोंडून त्याला लागेल.

आणखी एक, आणि हे मी सगळ्या धंदेवाल्या घरांना सांगत आलो. जो गल्ल्यावर बसतो त्याला पगार आणि जो वारस आहे त्याला नफ्यातला वाटा. या दोन गोष्टी कधी एकत्र करू नयेत. तू पहाटे पाचला फळ्या उघडणार, रात्री हिशेब लावणार आणि वर्षाअखेर तुझा आणि टोरांटोतल्या चुलत भावाचा आकडा सारखाच, तर तिसऱ्या वर्षी तू गल्ल्यातून न सांगता पैसे उचलायला लागशील. तू उचलणार नाहीस म्हणतेस; मी भल्याभल्यांना उचलताना पाहिलं आहे, आणि त्यांची बाजू खोटी नव्हती. कायद्याने भागीदाराला कामाचा मोबदला आपोआप मिळत नाही, करारात लिहावा लागतो. तेव्हा आधी तुझा पगार लिहून घे, बाहेरचा मॅनेजर ठेवला तर जेवढा द्यावा लागेल तेवढा. उरेल तो नफा, तो आण्यांप्रमाणे. एप्रिल २०२५पासून भागीदाराला वर्षात २०,००० रुपयांवर पगार किंवा व्याज दिलं तर फर्मला त्यातून १० टक्के कर कापावा लागतो. तेवढं तुझ्या सीएच्या कानावर घाल. त्याला माहीत असेलच, पण विचारलं की तो जागा राहतो.

३१ मार्चचा ताळेबंद जूनअखेर प्रत्येक वारसाला गेला पाहिजे, मागितला नाही तरी. तुमच्याकडे २१ मार्चला नवरोज असतोच. त्या आठवड्यात सगळ्यांना फोन होतात. तेव्हाच सांगून ठेव की हिशेब येतो आहे.

भाडेपावतीबद्दल आता नीट ऐक, कारण तुमचं सगळं साम्राज्य त्या पिवळ्या कागदावर उभं आहे. जागा तुमची नाही. पगडीची आहे. पावती अजून आजोबांच्या नावाने फाटते आणि तुझा बाप म्हणतो, भाडं तर घेतो ना, मग झालं. झालं नाही. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला तर हक्क जातो तो त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या घरच्या माणसाकडे. तसं कोणी नसेल तर वारसांपैकी एकाकडे, आणि त्यांचं आपसांत जमलं नाही तर कोर्ट ठरवणार. यातलं पहिलं अर्धं तुझ्या कामाचं आहे. आजोबांच्या वेळी तुझा बाप बसत होता, हे दाखवता येईल. तुझ्या बापाच्या बाबतीत तू बसत होतीस हे दाखवता आलं पाहिजे. आजपासून तुझं नाव कागदांवर दिसू दे: करारनाम्यात, बँकेच्या सह्यांत, खाद्य परवान्यात, मालाच्या बिलांवर. आणि आधी घरमालकाशी बोलून पावती बापाच्या नावावर करून घे. तो पैसे मागेल. घासाघीस कर, पण कर. आज जे मागेल ते उद्यापेक्षा कमीच असेल.

दोन खड्डे दाखवून ठेवतो. तुझ्या बरोबरीचे एमबीए झालेले मित्र सांगतील की भागीदारी जुनाट झाली, प्रायव्हेट लिमिटेड कर, भांडवल घाल, बाहेरचा पैसा आण. ऐकायला छान आहे. पण ज्या कंपनीचं भरणा झालेलं भांडवल १ कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षणच नाही. शिवाय घरमालकाला न विचारता जागा कंपनीच्या ताब्यात दिली तर तो पोटभाडेकरू ठेवला म्हणून दावा लावतो. एका सहीत चार पिढ्यांची पगडी गेलेली मी पाहिली आहे, आणि सही करणारा मुलगा हुशार होता. कंपनी करायचीच तर बेकरीच्या घाऊक धंद्याची वेगळी कर, दुसऱ्या जागेत.

दुसरा खड्डा कुलपाचा. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर तेवढ्यावरून घरमालक ती परत मागू शकतो. तेव्हा दुरुस्तीसाठी बंद करायचं तर आधी पत्र दे, पोच घे, कंत्राटदाराची बिलं जपून ठेव, आणि जमलं तर एका दारात पावाची फळी चालूच ठेव.

या दोन्ही गोष्टी वकील सांगतो, पण कज्जा सुरू झाल्यावर.

आता जरा चहाचं बोलू, नाहीतर म्हणशील काकाला कागदाशिवाय काही दिसत नाही. उधारीबद्दल. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तुमचं हॉटेल म्हणजे गिरणीच्या भोंग्यावर चालणारं. पहिल्या पाळीआधी उभ्याने चहा, दुसरी सुटली की बन मस्का. पहिल्या महिन्यात गल्ला निम्म्यावर आला, मग आणखी खाली. बाजूच्या दोघांनी उधारी सरसकट बंद केली. एकाने सरसकट दिली, आणि तो बुडाला. तुझ्या आजोबांनी एक नवी वही आणायला सांगितली, लाल कापडी बांधणीची. तिच्यात फक्त संपवाल्यांची उधारी. प्रत्येकाला एक पान: नाव, मिल, खातं, तिकीट नंबर. पान भरलं की संपलं. दुसरं पान नाही. पान भरलेल्या माणसाला चहा आणि पाव मिळे, तो लिहायचा नाही. खिमा आणि ऑम्लेट मागितलं तर वेटर ऐकू न आल्यासारखं करायचा. आणि मला हुकूम होता की या वहीतला एक पैसाही येणं म्हणून धरायचा नाही. ताळेबंदात ती वही नव्हतीच.

संप मागे घेतलाच गेला नाही, विरून गेला. गिरण्याही गेल्या. वहीतले थोडे पैसे आले, बरेच आले नाहीत. पण ज्यांची पानं होती त्यांतल्याच काहींनी वडापावच्या गाड्या लावल्या, आणि गाडीला लागतो पाव. तो त्यांनी तुमच्याकडून नेला, रोज, रोख. तुमच्या बेकरीचा घाऊक धंदा तिथून उभा राहिला. आजोबांनी हे आधी ओळखून केलं असं तुझा बाप लोकांना सांगतो. काही ओळखलं नव्हतं. माणसं डोळ्यांसमोर उपाशी बसवेनात, एवढंच. पण बसवेनात म्हणून त्यांनी पैशाचं भान सोडलं नाही. किती द्यायचं ते आधी ठरवलं आणि ते गेलं असं समजून दिलं. तूही तसंच कर. आज उधारी वेगळ्या तोंडाने येते: शूटिंगवाले, ऑफिसच्या ऑर्डरी, नव्वद दिवसांनी पैसे देणारे. त्यांना पान आखून दे. ते काही उपाशी नाहीत.

भट्टीचं तुझ्या मनाला लागलं आहे, मला कळतं. जानेवारी २०२५मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर या म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. लाकडाच्या भट्टीचा ब्रुन वेगळा लागतो, हे खरं. त्याची कडा जशी तडकते तशी गॅसवर तडकत नाही. भट्टीवाल्याला हात बसवायला वेळ लागेल. पण ‘परंपरा गेली’ म्हणून रडू नकोस. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३चं, रशीद कोहिनूरांचं. तिथे आज लोक ज्यासाठी येतात तो बेरी पुलाव त्यांच्या सुनेने, बचनबाईंनी आणला. त्या काही काळ इराणात राहून आल्या होत्या, आणि पुलाव पानात पडायला ऐंशीचं दशक उजाडलं. सासऱ्यांनी तो विकलाच नव्हता. बचनबाईंचे यजमान बोमन शेठ २०१९मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. शेवटपर्यंत टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकाला काय खाणार विचारायचे. तुझे पणजोबा खिमा ठेवत नव्हते, आजोबांनी सुरू केला. तुझ्या नावावर गॅसची भट्टी लागेल. लागू दे. फक्त भट्टीचा खर्च चालू खात्यातून ओढू नकोस. कर्ज काढ, हप्ता बांध, आणि घाऊक पावाच्या दरात तो धर.

शाखा काढू का, असं तू विचारलं होतंस. पुण्याची कयानी बेकरी १९५५पासून ईस्ट स्ट्रीटवर एकाच जागी आहे. दुपारी बंद, रविवारी बंद, शाखा नाही, आणि श्रूजबेरीसाठी रांग आहेच. मी शाखेच्या विरुद्ध नाही. शाखेसाठी पैसा बँक देते, गल्ल्यावर बसणारं माणूस देत नाही. ते तुझ्याकडे असेल तर काढ. त्याआधी मात्र नावाची नोंदणी कर. ट्रेडमार्क दहा वर्षं चालतो, मग नूतनीकरण. हॉटेलासाठी वेगळा वर्ग, बेकरीच्या मालासाठी वेगळा; दोन्ही घे, आणि फर्मच्या नावाने घे, स्वतःच्या नाही. चुलत भावांपैकी कोणी परदेशात त्याच नावाने कॅफे काढायचं म्हणतो आहे ना? काढू दे बिचारा, पण परवानगी लेखी घेऊन, दर वर्षी थोडी रक्कम देऊन. फुकट दिलेलं नाव परत मागता येत नाही.

नोकर माणसांचं थोडक्यात. तुमचे दोन वेटर तुझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. दहा माणसं असलेल्या दुकानात पाच वर्षं झालेल्याला जाताना वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. तो आकडा दर मार्चला काढून वेगळ्या ठेवीत टाक. ती रक्कम एकदम समोर आली की मालक म्हाताऱ्या माणसाशी वाईट वागायला लागतो, हे मी चांगल्या घरांतही पाहिलं आहे.

तुला मुलं होतील, तेव्हा त्यांना जबरदस्तीने बसवू नकोस. पुण्याच्या शेरियार इराणींचं ताडीचं दुकान होतं; त्यांचा मुलगा मेरवान काही काळ तिथे काम करायचा. पुढे जगाने त्याला मेहेर बाबा म्हटलं. ताडीच्या दुकानाचं काय झालं हे कोणी विचारत नाही. आणि विकायची वेळ आलीच तर विकावं, त्यात पाप नाही. पण भांडून दमल्यावर विकू नये, भाव पडतो. चार जणांचं चांगलं चाललं असताना विकावं. पगडीतला घरमालकाचा हिस्सा रिवाजाने तिसऱ्या भागाच्या आसपास असतो, तो आधी लेखी ठरवावा, मग गिऱ्हाईक आणावं. उलटं केलं की घरमालक गिऱ्हाइकाशी परस्पर बोलतो.

शनिवारी दुपारी ये, तीनच्या सुमाराला, तेव्हा तुझा बाप झोपलेला असतो. जुना करारनामा, शेवटच्या दहा-बारा वर्षांच्या भाडेपावत्या, आजोबांचा मृत्यूचा दाखला, गुमास्ता परवाना आणि लाइटबिल घेऊन ये. लाइटबिल कोणाच्या नावाने येतं ते बघितलंही नसशील. आपण यादी करू, मग माझ्या ओळखीच्या वकीलबाईंकडे जाऊ. त्या भागीदारीतलं चांगलं जाणतात. फी मात्र पहिल्याच भेटीत ठरवून घे, आणि ठरली की त्याची पावती माग.